कॅम्पसाइटवर ट्रॅव्हल ट्रेलर लेव्हल करताना: आधी चाकं, मग टंग जॅक, शेवटी कोपरे

ट्रॅव्हल ट्रेलरच्या चार कोपऱ्यांना जे जॅक असतात, ते ट्रेलर उचलण्यासाठी नसतात. एवढी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली तरी साइटवरच्या बऱ्याच चुका होण्याआधीच टळतात.

अमेरिकेत भाड्याने ट्रेलर घेऊन योसेमिटी, स्मोकी माउंटन्स किंवा शेनँडोआला जाणारी मराठी कुटुंबं आता सहज भेटतात. बऱ्याचदा भारतातून आलेले आई-बाबाही बरोबर असतात. ट्रेलर ताब्यात देताना मालक घाईघाईत पाणी, गॅस, टॉयलेट, स्लाइड (भिंतीतून बाहेर सरकणारा खोलीचा भाग), सगळं दाखवतो. लेव्हलिंगची बोळवण मात्र "हे ठोकळे, हे जॅक" एवढ्यावर होते. मग साइटवर लोक काय करतात? अंधार पडत आलेला असतो, मुलं भुकेजलेली असतात, म्हणून आल्या आल्या गाडी सोडवतात. नंतर लक्षात येतं की ट्रेलर डावीकडे कलला आहे. आता गाडी जोडलेली नाही, त्यामुळे ट्रेलर ठोकळ्यांवर चढवता येत नाही. शेवटी ड्रिल घेऊन डाव्या कोपऱ्यांचे जॅक फिरवत बसतात. जॅक वाकतो, चौकट पिळते, दार अडकायला लागतं, आणि भाड्याच्या ट्रेलरवर ही दुरुस्ती डिपॉझिटमधून कापली जाते.

इथे कामं दोन आहेत आणि ती वेगवेगळी आहेत. पहिलं काम पातळीचं, म्हणजे ट्रेलर सरळ उभा करण्याचं. डावी-उजवी पातळी चाकांखाली ठोकळे घालून साधायची, तीही गाडी जोडलेली असतानाच. पुढची-मागची पातळी टंग जॅकने (ट्रेलरच्या पुढच्या टोकावरच्या उभ्या जॅकने) साधायची, गाडी सोडवल्यावर. दुसरं काम स्थैर्याचं, म्हणजे आत चालताना ट्रेलर हलू नये याची सोय करण्याचं. ते कोपऱ्यांतल्या स्टॅबिलायझर जॅकचं, आणि ते सगळ्यात शेवटी.

हे सगळं गाडीमागे बॉल-हिचवर (गाडीच्या मागे बसवलेल्या लोखंडी गोळ्यावर) ओढायच्या साध्या ट्रॅव्हल ट्रेलरबद्दल आहे. फिफ्थ व्हील (पिकअपच्या हौद्यात जोडायचा ट्रेलर), मोटरहोम किंवा बटण दाबून आपोआप लेव्हल होणारे ट्रेलर यांची रीत वेगळी.

किती सरळ असलं म्हणजे पुरे?

पातळीचा आग्रह फक्त झोपेसाठी नाही. अनेक ट्रेलरमध्ये गॅसवर आणि विजेवर, दोन्हींवर चालणारा अ‍ॅबसॉर्प्शन फ्रिज असतो. त्यात कॉम्प्रेसर नसतो. अमोनिया आणि पाण्याचं मिश्रण उष्णतेने वर चढतं आणि गुरुत्वाकर्षणाने खाली परततं, म्हणून नळ्यांचा उतार बरोबर असावा लागतो. फ्रिज फार वेळ तिरका चालला की द्रव एका जागी साचतो, बॉयलरचा भाग वाजवीपेक्षा तापतो, गंज टाळण्यासाठी मिसळलेलं रसायन घट्ट होऊन नळी बंद करतं. हे नुकसान थोडं थोडं साचत जातं आणि भरून येत नाही. साधारण मर्यादा अशी धरतात: फ्रिजसमोर उभं राहिलं तर डावीकडे-उजवीकडे ३ अंश, पुढे-मागे ६ अंश. नेमका आकडा फ्रिजच्या माहितीपुस्तिकेत पाहा. पॅनेलवर गॅसचा पर्याय असेल तर फ्रिज अ‍ॅबसॉर्प्शनचा आहे असं समजा. बऱ्याच नव्या ट्रेलरमध्ये १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज असतो, त्याला एवढी काळजी लागत नाही.

माणसाला मात्र ३ अंशही फार होतात. त्याच्या निम्म्या उतारावरसुद्धा रात्री अंग एका बाजूला घसरतं, शॉवरचं पाणी कोपऱ्यात साचतं, फोडणीचं तेल कढईच्या एका काठाला जमतं, बाथरूमचं दार आपोआप उघडतं. वयस्कर माणसं अशा जमिनीवर रात्री उठली की तोल जातो. माझा नियम असा: लेव्हलमधला बुडबुडा दोन रेघांच्या आत आला की थांबायचं. अगदी मधोमध आणण्याच्या नादात अंधार करू नये. थोडा उतार राहणारच असेल तर झोपताना डोक्याची बाजू वर राहील असा ठेवा.

१. निघण्याआधी: सामान आणि मोजमाप

लागणारं सामान असं: एकमेकांत अडकणारे प्लास्टिकचे लेव्हलिंग ब्लॉक (दहा पुरतात असं वाटतं, पण दोन अ‍ॅक्सलच्या, म्हणजे प्रत्येक बाजूला दोन चाकं असलेल्या ट्रेलरला वीस न्या), घट्ट रबरी चॉक (चाक सरकू नये म्हणून टायरला लावायचे अडसर) निदान चार, टंग जॅकखाली घालायला जाड लाकडी ठोकळे, स्टॅबिलायझरखाली घालायच्या चार रुंद फळ्या किंवा पॅड, दोन फुटांची सुताराची लेव्हल, टेप, हातमोजे, हेडलँप. स्टॅबिलायझर ड्रिलने फिरवायचे असतील तर त्यांच्या बोल्टचं माप आधी बघा. बहुतेकांना ३/४ इंचाचं सॉकेट बसतं. ड्रिलची बॅटरी संपली तर म्हणून हाताचा दांडाही गाडीत असू द्या.

ब्लॉकऐवजी लाकूड चालतं. फक्त इथल्या दुकानात ज्याला २ बाय १० म्हणतात, ती फळी प्रत्यक्षात दीड इंच जाड आणि सव्वानऊ इंच रुंद असते. उंचीचा हिशोब दीड इंचाने करा, दोनने नाही.

ट्रेलर ताब्यात घेतानाच दोन मापं घ्या. पहिलं, डाव्या टायरच्या मध्यापासून उजव्या टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर, इंचांत. दुसरं, जमिनीपासून चाकाच्या मडगार्डखाली किती जागा मोकळी आहे, म्हणजे ठोकळ्यावर चढताना काही घासणार नाही याचा अंदाज येतो.

भिंतीला चिकटवलेल्या छोट्या लेव्हलवर भाड्याच्या ट्रेलरमध्ये विसंबू नका. कोणी कधी आणि किती सरळ चिकटवली, कोणाला ठाऊक. आपली लेव्हल आतल्या जमिनीवर, शक्यतो फ्रिजजवळ ठेवून पाहा आणि तिच्यावर विश्वास ठेवा. फोनमधलं अ‍ॅप वापरणार असाल तर फोन उताणा ठेवू नका, मागचा कॅमेरा वर आलेला असतो. कव्हर काढून सरळ कडेवर उभा धरा. ट्रेलर स्वतःचा असेल तर मात्र एकदा घराच्या आवारात नीट लेव्हल करून, त्या स्थितीत दोन लेव्हल बाहेरून चिकटवा: डाव्या-उजव्यासाठी पुढच्या भिंतीवर, पुढच्या-मागच्यासाठी टंग जॅकजवळच्या कडेला. जॅक फिरवता फिरवता दिसेल अशी जागा हवी.

२. बुकिंग करतानाच उतार पाहा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. सरकारी कॅम्पग्राउंड रिक्रिएशन डॉट गव्हवर बुक करताना एकेका साइटच्या पानावर ड्राइव्हवेची लांबी, पृष्ठभाग, उतार आणि रिव्हर्स घ्यावं लागेल का, हे बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. उतार 'सिव्हिअर' (फार तीव्र) लिहिला असेल तर ती साइट तंबूवाल्यांना सोडा. लांबीही बघा. योसेमिटीच्या अपर पाइन्समध्ये ट्रेलरची मर्यादा २४ फूट आहे आणि तिथे वीज-पाण्याचं कनेक्शन नाही. अशा ठिकाणी फ्रिज गॅसवर चालतो, म्हणजे पातळीचा प्रश्न रात्रंदिवस तुमच्या सोबत.

अनेक राष्ट्रीय उद्यानांत रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ असते. ड्रिल आणि इलेक्ट्रिक जॅकचा आवाज शेजाऱ्यांच्या तंबूत घुमतो. उजेड असताना पोचायचं, हे नियोजन निघतानाच करा.

३. साइटवर आल्यावर: आधी पायी फिरा

गाडी रस्त्यावर बाजूला थांबवा आणि चालत साइट पाहून या. अमेरिकी ट्रेलरचं दार आणि बाहेर पसरायचं कापडी छप्पर (ऑनिंग) उजव्या बाजूला असतं, वीज-पाणी-सांडपाण्याच्या जोडण्या डाव्या बाजूला. वीज देणारा खांब ट्रेलरपासून किती लांब राहील? ३० अँपची केबल साधारण २५ ते ३० फूट असते. स्लाइड बाहेर आल्यावर झाडाला, खांबाला किंवा टेबलाला लागणार नाही ना? वर वाळलेली फांदी लटकत नाही ना?

मग जमीन. एकाच पॅडवर (ट्रेलर उभा करायच्या जागेवर) उतार सगळीकडे सारखा नसतो. तीन-चार फूट पुढे-मागे झाल्याने दोन ठोकळे वाचतात. पावसाने भिजलेली माती, वाळू आणि उन्हाने मऊ झालेलं डांबर यांवर छोटा पाय आत रुततो, तिथे रुंद फळ्या हाताशी ठेवा.

तपासा: मुलं आणि आजी-आजोबा कुठे आहेत? इथून स्टॅबिलायझर लागेपर्यंत ट्रेलरच्या आत कोणीही बसायचं नाही, आणि ट्रेलर व गाडीच्या मधल्या जागेत तर मुळीच नाही. खुर्च्या काढून त्यांना लांब सावलीत बसवा. "आत जाऊन जरा पडते" असं आई म्हणाली तरी नाही.

४. डावी-उजवी पातळी: गाडी जोडलेली असतानाच

ट्रेलर हव्या त्या जागी मागे घ्या. मागे घेताना मागे उभ्या माणसाने ड्रायव्हरला आरशात दिसेल असंच उभं राहायचं. माणूस दिसेनासा झाला की गाडी थांबली, हे आधीच ठरवा.

आता आत जाऊन लेव्हल जमिनीवर आडवी ठेवा, डाव्या भिंतीकडून उजव्या भिंतीकडे. कोणती बाजू खाली आहे ते कळलं. किती ठोकळे लागतील हे डोळ्याने ठरवू नका, मोजा. लेव्हलचं खालचं टोक उचलून बुडबुडा मधोमध आणा आणि टोकाखालची फट मोजा. समजा लेव्हल २४ इंचांची आहे, फट अर्धा इंच आहे आणि टायरमधलं अंतर ७२ इंच आहे. ७२ म्हणजे २४ च्या तिप्पट, म्हणून अर्ध्याची तिप्पट: खालच्या बाजूची चाकं दीड इंच उचलायची. अंशांत दाखवणारं अ‍ॅप असेल तर ७२ इंच अंतराला १ अंश म्हणजे साधारण सव्वा इंच धरा. हा हिशोब जमला की दोन-दोनदा चढवा-उतरवा करावं लागत नाही.

टायर जिथे टेकला आहे तिथे जमिनीवर खडूने खूण करा. ट्रेलर दोन-तीन फूट पुढे घ्या. खुणेवर ठोकळ्यांची चढण रचा आणि त्यावर हळू मागे या. प्लास्टिकचा एक ब्लॉक साधारण १ इंच उंची देतो. ३ इंच हवे असतील तर खाली तीन, मध्ये दोन, वर एक अशा पायऱ्या, म्हणजे एका टायरला सहा ब्लॉक. दोन अ‍ॅक्सल असतील तर खालच्या बाजूच्या दोन्ही टायरना तेवढीच उंची द्यायची, म्हणजे बारा. वीस ब्लॉक न्या म्हटलं ते यासाठी. अशा ट्रेलरमध्ये दोन टायरच्या मधल्या जागेत चढण बसते का, तेही आधी लावून पाहा.

वक्राकार लेव्हलर मिळतात, त्यांवर जसजसं चढाल तसतशी उंची वाढते आणि हवं तिथे थांबता येतं. नवशिक्यांना मी हेच सुचवेन, कारण मोजणीतली चूक जागेवर सुधारता येते. पुढच्या भिंतीवर बाहेरून आपण चिकटवलेली लेव्हल असेल तर एक माणूस बाहेर उभा राहून तिच्याकडे बघत सांगेल; नसेल तर गाडी थांबल्यावरच आत जाऊन पाहायचं. बुडबुडा मधे आला की ड्रायव्हर थांबतो आणि सोबत मिळणारी पाचर लेव्हलरखाली सरकवायची.

सावधान: दोन अ‍ॅक्सलच्या ट्रेलरचा एकच टायर ठोकळ्यावर आणि दुसरा जमिनीवर ठेवू नका. सगळा भार एका टायरवर आणि एका स्प्रिंगवर येतो. टायरचा तळ ठोकळ्याच्या काठाबाहेर लोंबताही कामा नये, आतली तारांची जाळी तिथे मोडते.

तपासा: पुन्हा आत लेव्हल ठेवा. डावी-उजवी जमली नसेल तर पुढची पायरी नाही. ४ इंचांहून जास्त उंची लागत असेल तर ट्रेलर पॅडवर पुढे-मागे सरकवा, नाहीतर रेंजरकडे दुसरी साइट मागा. ठोकळ्यांचा मनोरा रचून त्यावर घर उभं करायचं नाही.

याच वेळी पुढची-मागची लेव्हलही बघून ठेवा, फक्त नोंद म्हणून. पुढची बाजू खाली आहे की वर? सहाव्या पायरीला हे लागणार आहे.

५. चॉक

युरोपातल्या कॅरॅव्हॅनला हँडब्रेक असतो. अमेरिकी ट्रॅव्हल ट्रेलरला नसतो. त्याचे इलेक्ट्रिक ब्रेक गाडीतून येणाऱ्या विजेवर चालतात, आणि प्लग काढला की तेही संपले. गाडी सोडवल्यावर ट्रेलरला धरून ठेवणारं फक्त चॉक उरतं. म्हणून चॉक ही उपचाराची गोष्ट नाही.

दोन्ही बाजूंच्या टायरना पुढून आणि मागून चॉक लावा, हाताने दाबून अगदी घट्ट. जी बाजू जमिनीवर आहे तिथले चॉक जास्त भरवशाचे, तिथे हयगय नको. ठोकळ्यांवरच्या टायरला चॉक ठोकळ्यावरच बसणारा हवा. जमिनीवर ठेवलेला चॉक उंच टायरला नीट टेकत नाही. दोन टायरच्या मध्ये फिरवून घट्ट करायचे एक्स-चॉक ट्रेलरचं पुढे-मागे डोलणं छान कमी करतात. त्यांच्यासोबत साधे चॉक हवेतच, त्यांच्याऐवजी नाही.

चॉक लावल्यावर ड्रायव्हरने ब्रेक अलगद सोडून ट्रेलरला चॉकवर टेकू द्यायचं, मग गाडी पार्कमध्ये, हँडब्रेक ओढून. ट्रेलर इंचभर सरकून थांबला आणि पुढे हलला नाही, तर चॉक बसले.

सावधान: काही जण ब्रेकअवे केबल उपटून ट्रेलरचे ब्रेक लावून ठेवतात. ती केबल ट्रेलर रस्त्यात सुटला तर शेवटचा उपाय म्हणून असते. ती उपटली की ब्रेक पूर्ण जोराने लागून राहतात, ट्रेलरची बॅटरी उतरते, ब्रेकचे मॅग्नेट तापतात, आणि बॅटरी संपली की ब्रेकही सुटतात.

६. गाडी सोडवणं

टंग जॅकच्या पायाखाली काय ठेवायचं ते आधी ठरवा, आणि इथे मघाची नोंद कामाला येते. पुढची बाजू खाली असेल तर ती बरीच उचलावी लागणार, म्हणून जॅकखाली जाड ठोकळे रचा, नाहीतर जॅकचा दांडा संपेल आणि पातळी येणार नाही. पुढची बाजू आधीच वर असेल तर ती खाली आणायची आहे, तेव्हा एकच पातळ फळी ठेवा. तिथे उंच ठोकळे ठेवले की जॅक पूर्ण मिटूनही नाक वरच राहतं, आणि मग सगळं पुन्हा उचलून ठोकळे काढावे लागतात. फळी रुंदच हवी: ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या टोकावर असतो. ६,००० पाउंडांचा ट्रेलर म्हणजे ६०० ते ९०० पाउंड एका छोट्या पायावर.

क्रम असा:

१. जॅक फळीवर टेकेपर्यंत खाली घ्या.
२. वेट-डिस्ट्रिब्युशन हिच (ताणलेल्या स्प्रिंग बारनी ट्रेलरचा भार वाटून देणारी जोडणी) असेल तर कपलर (बॉलवर बसणारं ट्रेलरचं टोक) बंद ठेवूनच जॅकने पुढचा भाग गाडीच्या मागच्या भागासकट उचला, स्प्रिंग बार सैल होईपर्यंत. मग बार काढा. स्वे-कंट्रोलचा (ट्रेलरचं डोलणं रोखणारा) दांडा असेल तर तोही.
३. जॅक थोडा खाली घ्या, कपलरवरचा ताण कमी होईल. कपलरची पिन काढून खटका उघडा.
४. गाडी आणि ट्रेलरला जोडणाऱ्या सुरक्षा साखळ्या अजून काढू नका. जॅक वर करत कपलर बॉलवरून सुटा करा आणि ट्रेलर हलतो का ते बघा.
५. हलला नाही, तरच साखळ्या, ब्रेकअवे केबल आणि सात पिनचा प्लग काढा. गाडी सरळ पुढे घ्या.

साखळ्या आधी काढणं ही या कामातली सगळ्यात धोक्याची चूक आहे. चॉक सरकले तर ट्रेलरला अडवायला तेवढ्याच असतात.

सावधान: स्प्रिंग बार ताणात असताना त्याचा खटका उघडला तर तो मोठ्या जोराने उसळतो आणि नडगीचं हाड मोडू शकतं. पुरेसा उचलला असेल तर बार हाताने सहज निघतो. जोर लावावा लागतोय, म्हणजे अजून उचला. शरीर बारच्या रेषेत नको.

कपलर बॉलपासून सुटला त्या क्षणी जॅकची उंची लक्षात ठेवा, जॅकवर टेपची खूण करा. जाताना बॉल कपलरखाली आणायला तीच उंची लागते.

इलेक्ट्रिक जॅक हलेनासा झाला तर घाबरू नका, बॅटरी उतरली असेल. बहुतेक जॅकच्या डोक्यावर एक झाकण असतं, त्याखाली हाताने फिरवायची सोय असते. तिचा दांडा कुठे ठेवला आहे, हे मालकाला ताबा घेतानाच विचारा.

७. पुढची-मागची पातळी

हे सगळ्यात सोपं. लेव्हल जमिनीवर लांबीच्या दिशेने ठेवा, टंग जॅक वर-खाली करा, बुडबुडा आला की थांबा. मग डावी-उजवी पुन्हा एकदा पाहा. जॅकचा पाय मातीत रुतत असेल तर आत्ताच दिसेल: दोन मिनिटं थांबा आणि बुडबुडा हलला का ते बघा. हलला असेल तर जॅक उचलून मोठी फळी घाला.

८. स्लाइड आणि स्टॅबिलायझर

स्लाइड आधी की स्टॅबिलायझर आधी, यावर उत्पादकांच्या सूचना वेगवेगळ्या आहेत. तुमच्या ट्रेलरच्या पुस्तिकेत जे असेल ते पाळा, किंवा मालकाला विचारा. पातळी झाल्याशिवाय मात्र स्लाइड कधीच बाहेर काढायची नाही, तिरक्या चौकटीत ती अडकते. बाहेर एक माणूस उभा करूनच बटण दाबा.

आता कोपरे. प्रत्येक पायाखाली फळी ठेवा, म्हणजे जॅक फार उघडावा लागणार नाही. कात्रीसारखा उघडणारा जॅक जितका कमी उघडेल तितका तो भक्कम उभा राहतो. आधी मागचे दोन, मग पुढचे दोन. जॅक फळीला टेकेपर्यंत ड्रिल चालेल. टेकल्यावर ड्रिल बाजूला ठेवून हाताच्या दांड्याने अर्धा-एक फेरा द्या. हाताला कळतं, ड्रिलला कळत नाही. एका बाजूचा पूर्ण आवळून मग दुसऱ्या बाजूला जाऊ नका, थोडा हा, थोडा तो.

तपासा: हे करताना लेव्हल आत जमिनीवर ठेवलेली असू द्या. बुडबुडा हलला, याचा अर्थ तुम्ही ट्रेलर उचलायला लागलात. अर्धा फेरा मागे या. दुसरी खूण दाराची: स्टॅबिलायझर लावण्याआधी दार जसं मिटत होतं तसंच नंतरही मिटायला हवं. कडेला घासायला लागलं तर चौकट पिळली आहे. चारही जॅक सैल करा आणि पुन्हा टेकवा.

जॅकच्या खोक्यावर हजारो पाउंडांचा आकडा असतो. तो वाचून मोह होतो, पण जॅक तेवढा भार पेलेल म्हणून ट्रेलरची चौकट एका कोपऱ्यातून उचलणं सोसेल असं नाही.

एवढं केल्यावरही ट्रेलर थोडा हलतोच, तो टायरवर आणि स्प्रिंगवर उभा आहे. मुलांनी आत उड्या मारल्या तर हलणार. ते हलणं थांबवण्यासाठी जॅक आणखी आवळू नका.

आता वीज, पाणी, गॅस, आणि मग आई-बाबांना आत बोलवा. बाहेरच्या पायऱ्या जमिनीला टेकल्या आहेत का, आणि ठोकळ्यांमुळे शेवटची पायरी फार उंच झाली आहे का, ते आधी स्वतः चढून पाहा. उंची वाढली असेल तर खाली एक भक्कम पाट ठेवा.

९. दुसऱ्या दिवशी सकाळी

रात्री पाऊस झाला असेल किंवा जमीन मऊ असेल तर फळ्या थोड्या बसतात. सकाळी चहा होईपर्यंत चारही जॅकना हात लावून पाहा, सैल वाटतो तो थोडा आवळा. एक्स-चॉक तर पाहाच: रात्रीच्या थंडीने टायर आकसतात आणि ते ढिले पडतात. बुडबुडा सरकला असेल तर आधी स्टॅबिलायझर सैल करून मगच टंग जॅकला हात लावा. कोपरे टेकलेले असताना टंग जॅक वर-खाली केला की सगळा ताण कोपऱ्यांवर जातो.

१०. निघताना

सगळं उलट्या क्रमाने: स्लाइड आत, चारही स्टॅबिलायझर पूर्ण वर, मग टंग जॅकने टेपच्या खुणेपर्यंत, गाडी मागे, कपलर बॉलवर. चॉक या सगळ्यात शेवटी निघतात. कपलरचा खटका बंद करून पिन घाला, मग जॅकने पुढचा भाग थोडा उचलून पाहा. गाडीचा मागचा भाग त्याच्याबरोबर वर आला, तर कपलर खरोखर अडकला आहे. साखळ्या एकमेकींवर तिरक्या ओलांडून लावा, ब्रेकअवे केबल आणि प्लग जोडा, स्प्रिंग बार चढवा, जॅक पूर्ण वर घ्या. एकाने ब्रेक आणि सिग्नल दाबायचे, दुसऱ्याने मागे उभं राहून दिवे बघायचे. यानंतरच चॉक काढा.

ट्रेलर ठोकळ्यांवरून हळू पुढे उतरवा, वीस फूट जाऊन थांबा आणि परत येऊन ठोकळे व फळ्या गोळा करा. खाली वाकून चारही स्टॅबिलायझर वर आहेत का ते डोळ्यांनी पाहा. एखादा अर्धवट खाली राहिला तर पहिल्याच स्पीडब्रेकरवर तो तुटतो.